जंताला नाव मिळालं, पुढे काय?

मंडळी, आपल्या लोहाऱ्याला समुद्र नाही. तरी आज आपण समुद्रातल्या माशांच्या जंतांचा इतिहास पाहणार आहोत, कारण त्यातला एक मोठा भाग समुद्रापासून लांब, मराठवाड्यात घडला.

औरंगाबादला १९५८ साली मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. पुढे तिथल्या प्राणिशास्त्र विभागातले जी. बी. शिंदे, बी. व्ही. जाधव आणि त्यांचे सहकारी रत्नागिरीसारख्या बंदरांवरच्या पाकटांची आतडी तपासू लागले. त्यांत सापडलेले चपटे, फितीसारखे जंत सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचे, डोक्यावरचे आकडे आणि चोषक पाहायचे, चित्र काढायचं आणि जात ठरवायची. कितीतरी नव्या जातींची वर्णनं अशी छापली गेली. हे काम पायाचं आहे. जंत ओळखताच येत नसेल, तर त्याचा माग कसा काढणार?

पण जंत सापडला म्हणजे मासा आजारी, असं नसतं. पुष्कळ मासे जंत घेऊनच जगतात. रोग वाढतोय का, हे कळायला किती मासे तपासले, त्यांतल्या किती माशांत जंत निघाला, आणि पुढच्या वर्षी त्याच बंदरावर काय दिसलं, हे लागतं. जंत न निघालेले मासेही मोजावे लागतात.

नारूचं उदाहरण घ्या. १९८३-८४ च्या सुमारास देशात नारू निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. आरोग्य कर्मचारी घरोघरी फिरले, रुग्ण शोधले, आणि रुग्ण नाही तिथे 'नाही' असंही लिहिलं. शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला. २००० मध्ये देश नारूमुक्त ठरला. त्या कोऱ्या रकान्यांशिवाय हे सिद्ध करताच आलं नसतं.

माशांच्या बाबतीत घरोघरी जाता येत नाही. आजारी मासा दुसऱ्याच्या पोटात जातो, नाहीतर तळाशी बसतो. आपल्याला दिसतो तो फक्त जाळ्यात आलेला. म्हणून खरी जागा बंदरच. १९४७ साली स्थापन झालेल्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेची माणसं बंदरांवर उतरलेल्या मासळीचा हिशेब ठेवतात. २०१३ पासून जलचरांच्या रोगांसाठी राष्ट्रीय सर्वेक्षणही सुरू झालं, पण त्याचा भर मुख्यतः पाळलेल्या माशांवर, कोळंबीवर.

मासळीच्या हिशेबाच्या वहीत रोगाचा एक रकाना कायमचा आला, तर औरंगाबादला दिलेली नावं कोळ्यांच्या उपयोगाला येतील. मासळी घटली की ती जास्त मासेमारीने घटली की रोगाने, हा वाद मग निदान आकड्यांवर होईल.