बायरच्या दोन टीम

‘कंपनीची टीम’ म्हटलं की आपल्या आयटीवाल्यांच्या डोळ्यांसमोर काय येतं? एचआरने वाटलेले लोगोवाले टी-शर्ट, रविवारी भल्या पहाटे उठून खेळलेली इंटर-कंपनी टूर्नामेंट आणि सोमवारी दुखणारी कंबर! पण मंडळी, अशाच एका कंपनीच्या टीमने २०२३-२४ मध्ये जर्मनीची बुंदेसलिगा एकही मॅच न हरता जिंकली. बायर लेव्हरकुझेन. बायर म्हणजे तीच, ॲस्पिरिनवाली.

गोष्ट सुरू होते १९०३ मध्ये. बायरच्या रंगाच्या कारखान्यातल्या विल्हेल्म हाउशिल्ड नावाच्या कर्मचाऱ्याने कंपनीला पत्र लिहिलं, की आम्हाला खेळासाठी क्लब काढायचाय, मदत करा. खाली १७० सहकाऱ्यांच्या सह्या. आजच्या भाषेत, मॅनेजमेंटला मेल आणि सीसीमध्ये अख्खा फ्लोअर :-) कंपनी ‘हो’ म्हणाली आणि १ जुलै १९०४ ला क्लब स्थापन झाला. सुरुवातीला सगळा भर जिम्नॅस्टिक्सवर, फुटबॉलचा विभाग आला १९०७ मध्ये. लेव्हरकुझेन नावाचं शहर तर त्याहून धाकटं. आजूबाजूची गावं एकत्र करून ते १९३० मध्ये झालं आणि नाव पडलं कार्ल लेव्हरकुस या कारखानदारावरून. त्याचाच कारखाना बायरने १८९१ मध्ये विकत घेतला होता. थोडक्यात, आधी कंपनी, मग क्लब, मग शहर!

क्लब बुंदेसलिगात पोहोचला १९७९ मध्ये. १९८८ मध्ये यूएफा कप जिंकला, १९९३ मध्ये जर्मन कप. पण लीग काही हाती लागेना. २००० मध्ये शेवटच्या मॅचमध्ये फक्त बरोबरी हवी होती. उंटरहाखिंगसारख्या छोट्या टीमकडून २-० ने हरले, त्यातला एक गोल बालाकने स्वतःच्याच जाळ्यात मारलेला. २००२ मध्ये तर लीग, जर्मन कप आणि चॅम्पियन्स लीग, तिन्हीकडे दुसरा नंबर! लोकांनी नाव ठेवलं ‘फित्सेकुझेन’, म्हणजे कायमचे उपविजेते. क्लबने पुढे हे नाव चक्क ट्रेडमार्क म्हणून नोंदवून टाकलं. शेवटी औषध कंपनीच ती.

जर्मनीत १९९८ पासून ‘५०+१’ नावाचा नियम आहे. क्लबमधली बहुसंख्य मतं सभासदांच्या हाती राहिली पाहिजेत, कुणी पैसेवाला येऊन क्लब खिशात घालू शकत नाही. पण ज्यांनी वीस वर्षांहून जास्त काळ सलग क्लब पोसलाय त्यांना सूट मिळाली. म्हणून लेव्हरकुझेन पूर्णपणे बायरच्या मालकीचा राहिला. बाकीचे फॅन्स त्यांना ‘प्लास्टिक क्लब’ म्हणून हिणवतात. लेव्हरकुझेनवाले मात्र स्वतःला अभिमानाने ‘वेर्क्सएल्फ’ म्हणवतात, म्हणजे कारखान्याचे अकरा. मला हे फार आवडतं. १७० सह्यांतून उभा राहिलेला क्लब प्लास्टिकचा कसा?

इथपर्यंत वाचून वाटेल, वा, मालक असावा तर असा! पण थांबा, बायरची आणखी एक टीम होती.

क्रेफेल्ड शहरातल्या उर्डिंगेन भागातही बायरचा कारखाना. तिथल्या बायर उर्डिंगेनने १९८५ मध्ये जर्मन कपच्या फायनलमध्ये बायर्न म्युनिकला २-१ ने हरवलं. पुढच्याच वर्षी कप विनर्स कपमध्ये ड्रेस्डेनविरुद्ध मागे पडूनही ७-३ ने मॅच जिंकली. म्हणजे टीम काही ऐरीगैरी नव्हती. पण १९९५ मध्ये बायरने हात काढून घेतला. नावातून बायर गेलं, १९९६ मध्ये टीम बुंदेसलिगातून खाली घसरली ती कायमची, आणि नंतर दिवाळखोरीही पाहिली. कंपनी तीच, प्रेम करणारी माणसं तशीच. फरक एवढाच, की हेड ऑफिस लेव्हरकुझेनला होतं.

हे आपल्याला नवीन नाही. मुंबईत कूपरेजवर खेळणारी महिंद्रा युनायटेड आठवते? १९६२ ची टीम. २००५-०६ मध्ये डेरिक परेरांच्या हाताखाली नॅशनल लीग जिंकली, आणि चारच वर्षांनी, २०१० मध्ये, कंपनीने ती बंद केली. पंजाबात फगवाड्याची जेसीटी, १९९६-९७ च्या पहिल्यावहिल्या नॅशनल लीगची विजेती, तिचंही २०११ मध्ये तेच झालं. दोन्ही कंपन्यांनी वर्षानुवर्षं खेळाडूंना पगार दिले, हे मान्यच करायला हवं. पण बंद करताना स्टँडमधल्या माणसाला कोण विचारणार? त्याच्याकडे फक्त तिकीट.

‘प्रोजेक्ट बंद होतोय’ हे वाक्य ऐकलेल्या कुणालाही हे लगेच कळेल. आपण दुसरा प्रोजेक्ट शोधतो. फॅनला दुसरी टीम शोधता येत नाही, तीच तर गोची आहे.

म्हणून ‘५०+१’ वाल्यांचा राग मला पटतो, आणि तरी १४ एप्रिल २०२४ चं कौतुकही वाटतं. त्या दिवशी ब्रेमेनला ५-० ने हरवून लेव्हरकुझेनने पहिली लीग जिंकली. प्रशिक्षक चाबी अलोन्सो आला तेव्हा, ऑक्टोबर २०२२ मध्ये, हीच टीम तळातून दुसरी होती. सीझन संपला तेव्हा ३४ मॅचेस, २८ विजय, ६ बरोबरी. मॅच पूर्ण संपायच्या आत लोक मैदानात उतरले होते. तिथून तासाभराच्या अंतरावर उर्डिंगेनच्या एखाद्या म्हाताऱ्या फॅनने तो सोहळा टीव्हीवर पाहिला असेल का, आणि पाहिला असेल तर त्याला काय वाटलं असेल, हा विचार काही डोक्यातून जात नाही.