सर्पगंधा: एका मुळाचे श्रेय नेमके कोणाचे?

१२ एप्रिल १९४५. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट मेंदूतील रक्तस्रावाने गेले. त्या दुपारी त्यांच्या डॉक्टरांनी नोंदवलेला रक्तदाब होता ३००/१९०. जगातील सर्वांत बलाढ्य राष्ट्राच्या प्रमुखाला द्यावे असे, रक्तदाब खात्रीने उतरवणारे औषध त्या डॉक्टरांपाशी नव्हते. मीठ कमी करा, विश्रांती घ्या, सांगण्यासारखे मुख्यतः एवढेच होते. त्याच काळात कलकत्त्यात आणि मुंबईत काही डॉक्टर उच्च रक्तदाबाच्या रुग्णांना एका झुडपाच्या मुळाचे औषध देत होते.

ते झुडूप म्हणजे सर्पगंधा. तिच्याविषयी दोन वाक्ये सतत फिरत असतात: ‘आपल्या पूर्वजांना हे सारे ठाऊकच होते’ आणि ‘पाश्चात्त्यांनी आपले औषध पळवले’. दोन्ही वाक्ये कानाला गोड लागतात; पुराव्यापुढे दोन्ही लंगडी पडतात. म्हणून हा थ्रेड.

आधी नावाची गंमत. वनस्पतिशास्त्रात हिच्या प्रजातीचे नाव ‘राउवोल्फिया सर्पेंटिना’. त्यातील राउवोल्फ हा सोळाव्या शतकातील आउग्सबुर्गचा वैद्य. तो सीरिया-इराकपर्यंत फिरला, भारतात कधी आलाच नाही. पुढे प्लुमिए नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने त्याच्या सन्मानार्थ हे नाव योजले. सापाशी लढण्यापूर्वी मुंगूस ही वनस्पती खाते, अशी लोककथा आहे. सर्पदंशावर तिचा उपयोग होत नाही. पण बिहारमध्ये तिला ‘पागल की दवा’ म्हणत, आणि त्या नावात मात्र अनुभव होता. उन्मादाने क्षुब्ध झालेला माणूस या मुळाने शांत होतो, झोपतो, हे लोकांनी पाहिले होते.

‘सर्पगंधा’ हा शब्द प्राचीन संहितांत सापडतो. परंतु ग्रंथातील नाव आणि आजचे झुडूप एकच, असे गृहीत धरणे धोक्याचे असते. वनस्पतींची नावे शतकानुशतके एकीवरून दुसरीवर सरकत आली आहेत. आणि रक्तदाबाचे काय? तो दंडाला पट्टा बांधून मोजण्याची रीत रिव्हा-रोचीने १८९६ मध्ये आणली, नाडीचे आवाज ऐकून वरचा-खालचा आकडा टिपण्याची पद्धत कोरोत्कोव्हने १९०५ मध्ये. जे मोजताच येत नव्हते, त्यावरील औषध संहितेत शोधणे हा संहितेवरच अन्याय आहे.

खरी कलाटणी १९३१ ची. कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद व उच्च रक्तदाब या दोन्ही विकारांवरील भारतीय औषध म्हणून सर्पगंधेवर लेख प्रसिद्ध केला. सेन हे कविराज होते आणि आधुनिक वैद्यकही शिकलेले. माझ्या मते साऱ्या कथेची किल्ली इथे आहे: मुळाची परंपरा आणि रक्तदाबमापक, दोन्ही एकाच हातात आले तेव्हा हा शोध लागला. त्याच वर्षी सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळातून अनेक अल्कलॉइड वेगळे केले आणि दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजचे संस्थापक हकीम अजमल खान यांच्या स्मरणार्थ एकाचे नाव ‘अजमलीन’ ठेवले. हृदयाच्या लयीतील काही दोष ओळखण्यासाठी अजमलीन आजही वापरतात.

तरीही जगाला पत्ता लागला नाही. कलकत्त्याचे नियतकालिक बोस्टनमध्ये कोण वाचणार? मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाशी संबंधित हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी पन्नास रुग्णांवरील निरीक्षणे १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापली, आणि अठरा वर्षे भारतातच राहिलेली माहिती समुद्रापार गेली. बोस्टनच्या रॉबर्ट विल्किन्स यांनी मुळाचा प्रयोग आपल्या रुग्णांवर केला. १९५२ मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीतील संशोधकांनी त्यातले मुख्य द्रव्य, रेसर्पीन, शुद्ध स्वरूपात मिळवले. न्यूयॉर्कमध्ये नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना दिले. १९५७ चा लास्कर पुरस्कार ज्यांना विभागून मिळाला, त्यांत वकील आणि क्लाइन दोघेही होते. म्हणजे श्रेय सर्वस्वी हिरावले गेले, असेही नाही. १९३१ चे मानकरी मात्र तळटिपेत राहिले.

रेसर्पीन करते काय? मज्जापेशी आपले रासायनिक निरोप इवल्या पिशव्यांत साठवतात. रेसर्पीन ती साठवण बंद पाडते. नॉरअ‍ॅड्रेनलिन संपत आले की रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो. पण सेरोटोनिन आणि डोपामिनही आटतात, आणि काही रुग्ण खोल नैराश्यात गेल्याच्या नोंदी होऊ लागल्या. नैराश्याचा मेंदूतील रसायनांशी संबंध असावा, या विचाराला त्या नोंदींनी बळ दिले. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसर्पीनने निश्चल झालेल्या सशांना एल-डोपा दिले, तेव्हा ते पुन्हा हालू लागले. पार्किन्सनवरील उपचारांची वाट तिथून निघते. कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळाले.

या यशाची किंमत झुडपाने मोजली. औषध मुळात, आणि मूळ उपटले की झाड संपले. जंगले ओरबाडली जाऊ लागली, तेव्हा भारताने मुळांच्या निर्यातीवर बंधने घातली. आज सर्पगंधा साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. हार्वर्डमध्ये वुडवर्ड यांनी १९५६ मध्ये रेसर्पीन प्रयोगशाळेत घडवून दाखवले. रसायनशास्त्राचा तो महापराक्रम खरा, पण व्यापाराला मूळच परवडत होते. मग कंपन्या आफ्रिकेतील तिच्या चुलत बहिणीकडे, राउवोल्फिया व्होमिटोरियाकडे, वळल्या. सिबाने आपल्या गोळीला सर्पेंटिनावरून दिलेले ‘सर्पासिल’ हे नाव तेवढे भारतीय झुडपाचे राहिले.