रोमन चिलखत आणि शिपायाचे पाय

गेल्या चवथीला भाचा घरी आला होता. तो पोलिसात आहे. जेवणे आटोपल्यावर सोप्यावर गप्पा रंगल्या आणि विषय बंदोबस्तावर गेला. डोक्यावर हेल्मेट, हातात ढाल, छातीवर जाड जाकीट, आणि वर ऊन! मी सहज विचारले, "एवढे सगळे अंगावर चढवता, त्याचा उपयोग तरी होतो का रे?"

तो हसून म्हणाला, "मामा, दगड लागायचा तो लागतोच. पण हे अंगावर असलं की पाय मागे सरत नाहीत. आणि समोरचा दोनदा विचार करतो."

मी पडलो कारकून. आयुष्यात फायलींखेरीज कशाशी लढलेलो नाही. पण बी.ए.ला इतिहास घेतला होता, आणि ते वेड अजून सुटलेले नाही. भाच्याचे ते दोन वाक्यांचे उत्तर ऐकले आणि रोमन शिपाई डोळ्यांपुढे उभा राहिला. दोन हजार वर्षांपूर्वी त्याच्या चिलखतानेही नेमके हेच काम केले होते.

आधी व्यवहाराची बाजू पाहू. चित्रपटांत रोमन शिपाई म्हटला की छातीखांद्यांवर लोखंडी पट्ट्या असलेले चिलखत दिसते. अभ्यासक त्याला 'लोरिका सेगमेंटाटा' म्हणतात. गंमत म्हणजे हे नाव रोमनांचे नव्हे, ते फार नंतरच्या विद्वानांनी दिलेले आहे. इंग्लंडच्या उत्तरेला कॉर्ब्रिज येथे 1964 साली अशा चिलखतांचे भाग एका पेटीत सापडले. ते आतून चामड्याच्या पट्ट्यांनी कसे जोडलेले असे, हे त्यावरून उलगडले. पण सर्वांत जास्त काळ टिकले ते कड्यांचे चिलखत. हजारो बारीक लोखंडी कड्या, प्रत्येक कडी शेजारच्या चार कड्यांत ओवलेली. ही विद्या रोमनांनी केल्ट लोकांकडून घेतली. वजन साधारण दहा किलो. कमरेला पट्टा घट्ट आवळला की खांद्यावरचा बराचसा भार कमरेवर येई. पट्ट्यांचे चिलखत त्याहून हलके, पण त्याच्या बिजागऱ्या आणि बकले सारखी तुटत. उत्खननांत असे तुटके तुकडे पुष्कळ मिळतात. कड्यांचे चिलखत फाटले तर चार कड्या ओवल्या की काम भागले!

शिरस्त्राणाची रचनाही पाहण्यासारखी आहे. मानेवर वार येऊ नये म्हणून मागे रुंद पत्रा, गालांवर झडपा, कपाळावर आडवी पट्टी. कान मात्र मोकळे, कारण हुकूम ऐकू आला पाहिजे. इ.स. 101 ते 106 या काळात सम्राट ट्राजनची डेशियाशी, म्हणजे आजच्या रुमानियाच्या भागाशी, दोन युद्धे झाली. डेशियन लोकांचे कोयत्यासारखे वाकडे हत्यार वरून डोक्यावर आणि हातावर उतरे. त्या सुमारास शिरस्त्राणांवर लोखंडी पट्ट्यांची फुली ठोकलेली दिसू लागते, आणि रुमानियातील आदामक्लिसी येथील स्मारकावर शिपायांच्या उजव्या हातावर लोखंडी बाही कोरलेली आहे. शत्रूचे हत्यार पाहून रोमन आपले सामान सुधारत.

मग सगळे शरीरच लोखंडात का मढवले नाही, असे तुम्ही विचाराल. तसेही झाले होते. इ.स. 21 मध्ये गॉलमध्ये बंड झाले, तेव्हा बंडखोरांनी नखशिखांत लोखंडात मढवलेले ग्लॅडिएटर पुढे उभे केले. टॅसिटस लिहितो की त्यांच्यावर तलवार चालेना, तेव्हा रोमन शिपायांनी कुऱ्हाडी आणि कुदळी घेऊन भिंत पाडावी तसे त्यांना पाडले. एकदा आडवे झाले की त्यांना उठता येईना! रोमन शिपायाने हातपाय मोकळे ठेवले आणि उरलेले काम मोठ्या बाकदार ढालीवर सोपवले. त्याला चालायचे होते, खड्डे खणायचे होते आणि रोज सामानासकट मुक्काम हलवायचा होता.

आता मनाची बाजू. खरा विषय मला इथेच वाटतो.

इ.स.पू. दुसऱ्या शतकातला ग्रीक इतिहासकार पॉलिबियस सांगतो की रोमन शिपाई शिरस्त्राणावर जांभळी किंवा काळी अशी तीन पिसे उभी खोवत, जवळजवळ हातभर उंच. कशासाठी? तर माणूस आहे त्याच्या दुप्पट उंच दिसावा आणि समोरच्याला धडकी भरावी म्हणून. पिसाने कधी वार अडवलेला नाही. तरी ते सामानाच्या यादीत होते.

इ.स. 70 मध्ये टायटसने जेरुसलेमला वेढा घातला होता. मध्येच त्याने लढाई थांबवली आणि शहराच्या तटासमोर सैन्याला पगार वाटला. चार दिवस हा सोहळा चालला. शिपायांनी चिलखते पेट्यांतून काढून अंगावर चढवली, सगळे मैदान झळाळून उठले. तटावरून लोक पाहत होते आणि धाडसी माणसांचाही धीर खचला, असे जोसेफस लिहितो. तो स्वतः त्या वेळी रोमन छावणीत होता. पगारवाटप हेसुद्धा हत्यार होऊ शकते, हे आम्हां सरकारी नोकरांना कधी सुचले नसते! शहर मात्र त्या देखाव्याने शरण आले नाही. पुढे लढूनच ते घ्यावे लागले.

ज्यूलियस सीझरचा हिशेब आणखी वेगळा. आपल्या शिपायांची हत्यारे सोन्याचांदीने मढवलेली असावीत असे त्याला वाटे. एक तर रुबाब, आणि दुसरे म्हणजे मौल्यवान वस्तू हातातून जाईल या भीतीने शिपाई ती घट्ट धरून ठेवील. ही गोष्ट सुएटोनियसने नोंदवली आहे. पॉलिबियसही म्हणतो की ढाल किंवा तलवार हरवलेला शिपाई नामुष्की नको म्हणून पुन्हा शत्रूच्या गर्दीत शिरे. म्हणजे चिलखत आणि ढाल शत्रूला भिववीत, आणि घालणाऱ्यालाही बांधून ठेवीत. शेजारचा तसाच सजून खांद्याला खांदा लावून उभा असताना मागे सरायचे कसे? भाचा म्हणाला तेच हे.

पण हे दुधारी आहे. इ.स.पू. 53 मध्ये कार्हे येथे पार्थियन सेनापती सुरेनाने आपल्या घोडेस्वारांची चिलखते कातड्यांनी आणि झग्यांनी झाकून ठेवली होती. ऐन वेळी आवरणे खाली पडली आणि लखलखणारे लोखंड पाहून रोमनच दचकले. पुढे पार्थियन बाणांनी त्यांच्या ढाली आणि चिलखते भेदली. क्रॅसस मारला गेला आणि हजारो शिपाई कैद झाले. चिलखतावरचा विश्वास एकदा तुटला की ते नुसते ओझे उरते.

आणि या ओझ्याची किंमत कोण देई? इ.स. 14 मध्ये पॅनोनियातील फौजांनी बंड केले. त्यांची तक्रार टॅसिटसने लिहून ठेवली आहे : दिवसाला दहा अ‍ॅस मजुरी, आणि त्यातूनच कपडे, हत्यारे, तंबू. मसाडा येथे सापडलेल्या एका पगारपत्रकात तर बूट, चामडी पट्टे, अंगरखा अशा कपाती ओळीने मांडल्या आहेत. ते पत्रक मला माझ्या टेबलावरचेच वाटले! काही शिरस्त्राणांच्या मागच्या पत्र्यावर एकापेक्षा जास्त शिपायांची नावे ठोकलेली आहेत. एकाचे आयुष्य संपले किंवा नोकरी संपली, की तेच शिरस्त्राण दुसऱ्याच्या डोक्यावर. आपल्या आधी हे कोणी घातले होते, हे घालणाऱ्याला रोज वाचता येत असे.

शेवटी एक शोध सांगतो. इ.स. 9 मध्ये जर्मनीच्या जंगलात सेनापती वारसच्या तीन पलटणी गारद झाल्या. त्या लढाईशी जोडल्या जाणाऱ्या काल्क्रीझे येथे 2018 मध्ये पट्ट्यांचे एक चिलखत मिळाले. आजवर सापडलेल्यांत ते सर्वांत जुने आणि सर्वांत पूर्ण असे मानले जाते. त्याच्या मानेच्या भागाजवळ कैद्याची मान आणि हात अडकवण्याची लोखंडी बेडीही निघाली. म्हणजे हा शिपाई बहुधा जिवंत पकडला गेला होता. त्याचे लोखंड चांगले होते. त्या दिवशी त्याच्या आजूबाजूची रांगच उरली नव्हती.

भाच्याला मी हे सारे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "मामा, म्हणूनच आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात, शेजारच्याला सोडायचं नाही."

असो. सकाळी तो ड्युटीवर निघाला तेव्हा बहिणीने त्याचे हेल्मेट पुसून हातात दिले. मी काही बोललो नाही.