व्हिक्टोरियातील वणव्यानंतरचे पुनर्निर्माण : द्रव्याचे तीन ओघ

ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय भागातील व्हिक्टोरिया राज्यात ७ फेब्रुवारी २००९ रोजी जे वणवे भडकले, त्यांत १७३ माणसे मृत्युमुखी पडली व दोन हजारांहून अधिक घरे भस्मसात झाली. त्या देशाच्या इतिहासात हा दिवस ‘काळा शनिवार’ ह्या नावाने ओळखला जातो. ह्या आपत्तीविषयी झालेल्या विपुल लेखनाचा रोख प्राणहानीकडे, धोक्याच्या पूर्वसूचनेकडे आणि बर्नार्ड टीग ह्यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या रॉयल कमिशनच्या निष्कर्षांकडे असावा, हे स्वाभाविकच होय. जळालेल्या शाळा, सभागृहे व पोलीस ठाणी कोणाच्या द्रव्याने पुन्हा उभी राहिली, हा प्रश्न मात्र त्या मानाने उपेक्षित राहिला. वस्तुतः संघराज्यातील शासनयंत्रणेचे खरे स्वरूप ह्याच प्रश्नातून अधिक उघड होते.

आपत्तीनंतरचे पुनर्निर्माण हा ऑस्ट्रेलियात प्राधान्याने घटकराज्यांचा विषय मानला जातो. १९७४ च्या नाताळात चक्रीवादळाने डार्विन शहर उद्ध्वस्त केले, तेव्हा केंद्राने स्वतःच कायदा करून पुनर्निर्माण आयोग नेमला. परंतु तो प्रदेश त्या काळी केंद्राच्या थेट अमलाखाली होता म्हणूनच हे शक्य झाले. व्हिक्टोरियात तसे करता येण्याजोगे नव्हते. वणव्यानंतर तिसऱ्याच दिवशी, १० फेब्रुवारीस, राज्याचे मुख्यमंत्री जॉन ब्रंबी व पंतप्रधान केव्हिन रड ह्यांनी संयुक्तपणे एक पुनर्निर्माण प्राधिकरण घोषित केले आणि तत्कालीन पोलीसप्रमुख क्रिस्टीन निक्सन ह्यांच्याकडे त्याचे अध्यक्षपद सोपविले. ह्या प्राधिकरणासाठी स्वतंत्र कायदा करण्यात आला नाही. शिक्षण, आरोग्य, पोलीस ही खाती आपापल्या जागी पूर्ववत राहिली. त्यांना एका सूत्रात गोवणे एवढेच प्राधिकरणाचे काम होते, आणि त्यासाठी त्याच्याजवळ मुख्यमंत्र्यांच्या पाठबळाखेरीज दुसरे मोठे साधन नव्हते. २०११ मध्ये पूरग्रस्त क्वीन्सलंडने आपले प्राधिकरण कायद्यानेच स्थापले, ह्या भेदाकडे अभ्यासकांनी लक्ष द्यावयास हवे.

प्रारंभीच्या कामात ही उणीव फारशी जाणवली नाही. तीन हजारांहून अधिक जागांवरील राडारोडा उपसण्याचे काम एकाच कंत्राटदार कंपनीस देण्यात आले. विमा असो वा नसो, मालकाकडून पैसा न घेता केंद्र व राज्य ह्यांनी तो खर्च वाटून घेतला. येथे उद्देश एक होता आणि पैशाची वाटही सरळ होती. खरी गुंतागुंत सार्वजनिक वास्तूंच्या बाबतीत निर्माण झाली.

ह्या वास्तूंसाठी द्रव्य तीन ओघांनी आले, आणि प्रत्येक ओघाचा नियम निराळा होता. पहिला ओघ केंद्र-राज्य आपत्तिसाहाय्य व्यवस्थेचा. राज्याचा खर्च त्याच्या महसुलाच्या ठराविक प्रमाणापलीकडे गेला की केंद्र त्यातील ५० टक्के व पुढे ७५ टक्क्यांपर्यंत भाग परत करी. अट अशी, की अत्यावश्यक सार्वजनिक मालमत्ता आपत्तीपूर्वीच्या दर्जाइतकीच पुन्हा उभारावी. चालू बांधकाम-नियम पाळण्यास मुभा होती; पण जुन्या सभागृहाच्या जागी मोठे सभागृह बांधावयाचे, तर वाढीव खर्चाचा भार सामान्यतः अन्यत्र शोधावा लागे. दुसरा ओघ राज्याच्या खात्यांच्या स्वतःच्या अंदाजपत्रकाचा. मेरीझव्हिल, स्ट्रॅथेवेन व मिडल किंगलेक येथील जळालेल्या प्राथमिक शाळा मूलतः ह्या कक्षेत येत. तिसरा ओघ लोकांच्या देणग्यांचा. माजी राज्यपाल जॉन लँडी ह्यांच्या अध्यक्षतेखालील सल्लागार मंडळाच्या हाती ३७ कोटी ९० लाख डॉलरांहून अधिक निधी जमला. पीडितांसाठी दिलेला पैसा शासनाचे कर्तव्य भागविण्यासाठी वापरणे उचित नव्हे, हे तत्त्व सर्वमान्य होते. तथापि कर्तव्य कोठे संपते व साहाय्य कोठे सुरू होते, ही रेषा आखणे सोपे नव्हते. साधारण दोनशे वस्तीच्या स्ट्रॅथेवेन गावाने २७ माणसे गमावली होती. अशा गावात एकत्र बसावयास जागा असणे, ही चैन खचितच नव्हे.

ऑक्टोबर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १९ कोटी ३० लाख डॉलरांच्या राज्यव्यापी योजनेत हे द्रव्य एकत्र मांडले गेले. गावोगावच्या पुनर्वसन समित्यांनी केलेल्या मागण्यांची तीत दखल घेतलेली होती. कोणती मागणी कोणत्या नियमात बसते हे ठरविणे, हेच प्राधिकरणाचे सर्वांत कुशलतेचे कार्य म्हणावे लागेल. निक्सन ह्यांनी जुलै २०१० मध्ये पद सोडले. वणव्याच्या रात्री पोलीसप्रमुख ह्या नात्याने त्यांच्या वर्तनावर कमिशनपुढे झालेली टीका गाजली. मात्र तिचा पुनर्निर्माणाच्या कामाशी संबंध नव्हता.

परंतु तिन्ही ओघांत एक समान मर्यादा होती : ते बांधण्यासाठी होते, राखण्यासाठी नव्हते. ह्याचा भार सर्वांत अधिक पडला तो मरिंडिंडी ह्या स्थानिक परिषदेवर. मेरीझव्हिल व किंगलेक हे दोन्ही भाग तिच्याच हद्दीत येतात. सुमारे १४ हजार वस्तीच्या ह्या डोंगराळ प्रदेशाचा मोठा हिस्सा जळाला होता, आणि घरेच नाहीशी झाल्याने परिषदेचे घरपट्टीचे उत्पन्नही घटले होते. अशा वेळी नवी सभागृहे व अन्य वास्तू तिच्या मालकीच्या झाल्या. देणगीदाराच्या दृष्टीने काम पुरे झाले होते. परिषदेच्या हिशेबात मात्र विमा, वीज, डागडुजी व घसारा ह्यांचा खर्च दरवर्षी दिसू लागला. देणगीरूपाने लाभलेल्या ह्या मालमत्तेसाठी परिषदेस राज्याकडे स्वतंत्र साहाय्य मागावे लागले आणि ते काही वर्षांपुरते मिळालेही. वास्तूंचे आयुष्य मात्र अनेक दशकांचे असते.

३० जून २०११ रोजी प्राधिकरण विसर्जित झाले व उरलेले काम राज्याच्या प्रादेशिक विकास यंत्रणेतील एका लहान विभागाकडे गेले. १ नोव्हेंबर २०१८ पासून केंद्राची आपत्तिसाहाय्य व्यवस्थाही बदलण्यात आली. दरम्यान २०१६-१७ पासून व्हिक्टोरिया शासनाने स्थानिक परिषदांच्या करवाढीवर वार्षिक मर्यादा घातली होती, आणि ती मरिंडिंडी परिषदेसही लागू होती.