तिरळेपणाची शस्त्रक्रिया : किशोरवयातील भूल व वेदनाशमन

डोळा फिरवणाऱ्या सहा स्नायूंपैकी एखादा मागे सरकवून किंवा आखूड करून दोन्ही डोळ्यांची नजर जुळवणे, ही तिरळेपणाची शस्त्रक्रिया. योहान डीफेनबाख यांनी २६ ऑक्टोबर १८३९ रोजी बर्लिनमध्ये ती सात वर्षांच्या मुलावर केली. बॉस्टनमधील ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक १८४६चे आणि कार्ल कोलर यांचे डोळ्यात घालायचे कोकेनचे थेंब १८८४चे; म्हणजे त्या मुलाच्या वाट्याला यांपैकी काहीच आले नाही.

प्रौढांमध्ये नेत्रगोलकामागे किंवा त्याभोवतीच्या टेनॉन आवरणाखाली इंजेक्शन देऊन काम भागते. तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींना मात्र बहुधा पूर्ण भूल देतात. नुसती गुंगी पुरत नाही : स्नायू ओढल्याचे कळते, आणि अर्धवट गुंगीतला मुलगा नेमका टाका घालताना डोके हलवतो. समजूतदार, थोराड मुलांमध्ये जुळवता येणारे टाके घालून, शुद्धीवर आल्यावर थेंबांच्या बधिरतेत ते घट्ट-सैल करता येतात. स्नायू शिथिल करणारे सक्सिनिलकोलीन शक्यतो टाळतात. त्याने डोळ्याचे स्नायू काही मिनिटे आखडतात आणि डोळा ओढून घ्यायची चाचणी फसवी ठरते.

या शस्त्रक्रियेत भूलतज्ज्ञाला वेदनेपेक्षा अधिक सतावते ती व्हेगस चेतातंतूची करामत. स्नायू हुकावर उचलला की मॉनिटरची टिकटिक एकदम रेंगाळते. भूलतज्ज्ञ ‘सोडा’ म्हणतात, शल्यविशारद ताण सोडतात, ठोके सावरतात. न सावरल्यास अ‍ॅट्रोपीन किंवा ग्लायकोपायरोलेट देतात. अ‍ॅश्नर व दाग्निनी यांनी १९०८मध्ये नोंदवलेली ही प्रतिक्रिया त्रिशाखी चेतातंतूकडून मेंदूकडे आणि तेथून व्हेगसमार्गे हृदयाकडे जाते. मुलांमध्ये व्हेगस जोरकस असल्याने ती अधिक दिसते.

दुसरी डोकेदुखी उलट्यांची. प्रतिबंधक औषध न दिल्यास निम्म्याहून अधिक मुलांना उलट्या झाल्याच्या नोंदी आहेत. म्हणून ऑन्डॅन्सेट्रॉन व डेक्सामेथासोन आधीच देतात आणि मॉर्फिनसारखी औषधे हात आखडून वापरतात. हा मुद्दा गौण वाटला, तरी घरी परतताना तोच जाणवतो. उदाहरणार्थ, चेन्नईच्या अंबत्तूरलगतच्या ओरगडमहून (वाहन कारखान्यांचे ओरगडम ते वेगळे, श्रीपेरुंबुदूरकडचे) एग्मोरच्या १८१९ साली स्थापन झालेल्या सरकारी नेत्र रुग्णालयात किंवा नुंगमबाक्कमच्या शंकर नेत्रालयात जायचे, तर शहर ओलांडावे लागते. मळमळणाऱ्या मुलाला घेऊन त्याच संध्याकाळी परतणे सोपे नाही.

उपाशीपणाचा नियम घन आहारासाठी सहा तास, स्वच्छ पाण्यासाठी दोन. सकाळची फिल्टर कॉफी चालत नाही, कारण दूध घन आहारात मोजतात.

वेदना मध्यम असते. पापणीखाली वाळू गेल्यासारखे खुपते. पॅरासिटामॉल किलोमागे १५ मिलिग्रॅम, जोडीला आयबुप्रोफेन १० मिलिग्रॅम, ही नेहमीची मात्रा. वजनदार किशोराला मोजताना प्रौढांची कमाल मर्यादा ओलांडायची नसते. भूल उतरण्याआधी टेनॉन आवरणाखाली दिलेले बधिरीकरण पहिले काही तास सुसह्य करते. किशोर दुखणे सांगतात, पण बरेचदा आईवडिलांसमोर लपवतात, म्हणून परिचारिकेने एकट्याला विचारलेले बरे. संमतीपत्रावर अठरा वर्षांखाली पालकांची सही लागते. तरी जागे झाल्यावर काही दिवस दुहेरी दिसू शकते, हे मुलालाच आधी सांगावे, नाहीतर तो घाबरून डोळे उघडत नाही.