एका ओळीचं परीक्षण आणि २,३२७ खेळ

लिहायला लागलो तेव्हा मला पहिली जागा मिळाली ती पंचवीस शब्दांची. आमच्या तालुक्याच्या गावातून एक साप्ताहिक निघायचं. शेवटच्या पानावर, बाजारभाव आणि श्रद्धांजलीच्या जाहिराती यांच्यामध्ये, ‘या आठवड्यात टॉकीजला’ अशी एक चौकट असायची. गावात दोन टॉकीज होत्या आणि दर शुक्रवारी सिनेमा बदलायचा. मी उर्दू शाळेतून मराठी कॉलेजात आलेला. मराठीत आपलं नाव छापून यावं याची फार हौस होती. तीन पानी परीक्षण लिहून संपादकांकडे नेलं. त्यांनी ते वाचलं नाही, नुसतं हातावर तोललं आणि म्हणाले, “पंचवीस शब्दांत बसव. सिनेमा कसा आहे ते कळलं पाहिजे आणि लोक हसलेही पाहिजेत.”

पुढचे सहा आठवडे माझा कागद परत आला. एकदा मी लिहिलं, ‘मध्यंतर छान होतं.’ संपादक म्हणाले, “हे कुठल्याही सिनेमाखाली चालेल. म्हणजे या सिनेमाखाली चालणार नाही.” हा धडा मला आजवर पुरला आहे. सातव्या आठवड्यात एका सिनेमाबद्दल लिहून नेलं: ‘जत्रेत हरवलेले दोन भाऊ सतराव्या रिळात सापडतात. पटकथा अजून सापडलेली नाही.’ त्यांनी चष्मा वर केला, हसले आणि कागद खिळ्याला टोचला. खिळ्याला टोचला म्हणजे स्वीकारला.

पुढे सिनेमाचा आणि वर्तमानपत्रांचा इतिहास वाचताना कळलं, की ही चौकट आमच्या संपादकांनी शोधलेली नव्हती. तिला शंभर वर्षांचा इतिहास आहे. त्यातलं एक प्रकरण माझ्या डोक्यातून जात नाही, कारण ते वाचताना मला माझाच एक खिळ्याला टोचलेला कागद आठवतो.

गोष्ट न्यूयॉर्कची. १९२० च्या जानेवारीत ‘व्हॅनिटी फेअर’ मासिकाने डोरोथी पार्कर या तरुण नाट्यसमीक्षिकेला काढून टाकलं. तिची बोचरी वाक्यं बड्या निर्मात्यांना झोंबली होती, आणि हेच निर्माते मासिकाला जाहिराती देत. तिच्या पाठोपाठ तिचा सहकारी रॉबर्ट बेंचली याने निषेध म्हणून राजीनामा दिला. घरी बायको, दोन मुलं, हाताशी दुसरी नोकरी नाही. तरी दिला. थोड्याच दिवसांत तो ‘लाइफ’ साप्ताहिकात नाट्यसमीक्षक झाला. हे ‘लाइफ’ म्हणजे पुढे छायाचित्रांसाठी गाजलेलं मासिक नव्हे. त्या काळी ते विनोदी साप्ताहिक होतं. त्यात चालू नाटकांची यादी छापली जायची आणि प्रत्येक नाटकापुढे बेंचलीची एखादी ओळ असायची. नाटक जोवर चालू, तोवर ते यादीत. म्हणजे त्याच नाटकावर दर आठवड्याला नवी ओळ लिहायची.

२३ मे १९२२ ला ‘ॲबीज आयरिश रोज’ नावाचं नाटक सुरू झालं. लेखिका ॲन निकोल्स. गोष्ट साधी. ॲबी हा ज्यू तरुण आणि रोजमेरी ही आयरिश कॅथलिक तरुणी महायुद्धात फ्रान्सला भेटतात, गुपचूप लग्न करतात. दोघांचे बाप कट्टर. मुलगी ज्यूच आहे असं भासवून रब्बीकडून लग्न लागतं, मग पाद्रीही ते लावतो. म्हणजे एकाच जोडप्याची तीन लग्नं. भांडणं, शिव्याशाप, आणि शेवटी जुळी नातवंडं बघून दोन्ही आजोबा विरघळतात.

बेंचलीला हे नाटक अजिबात आवडलं नाही. पण ते बंदच होईना. महिने गेले, वर्षं गेली, आणि दर आठवड्याला ती रिकामी जागा त्याच्याकडे बघत बसलेली. सुरुवातीला ओळ साधी होती, की हे भयंकर आहे. मग चिडचीड, मग थकवा, मग शरणागती, आणि हाच वाचकांना चटक लावणारा खेळ होऊन बसला. नाटक बघायला न जाणारे लोकही ती ओळ वाचायला साप्ताहिक घेऊ लागले. एकदा त्याने काहीच न लिहिता बायबलमधल्या एका वचनाचा फक्त क्रमांक दिला: इब्री लोकांना पत्र, १३:८. वाचकाने घरातलं बायबल उघडावं आणि बघावं. तिथे काल, आज आणि सदासर्वकाळ तोच असणाऱ्याबद्दल लिहिलेलं आहे. कंटाळा सांगायला याहून कमी अक्षरं लागणार नाहीत. शेवटी ओळी सुचेनाशा झाल्या तेव्हा त्याने वाचकांची स्पर्धाच लावली. त्यात स्वीकारली गेलेली ओळ होती हार्पो मार्क्सची. पुढे सिनेमात एक शब्दही न बोलता जगाला हसवणारा हाच तो हार्पो. त्याची ओळ अशी: सर्दी जोरात झाली तर जेवढा त्रास होतो, त्याहून जास्त नाही.

छोटं परीक्षण कसं साधतं याचं सिनेमातलं उत्तम उदाहरण नंतरचं आहे. लिओनार्ड मॉल्टिन या अमेरिकन समीक्षकाचा चित्रपट-कोश १९६९ पासून निघत असे. हजारो सिनेमे एका पुस्तकात बसवायचे म्हणून प्रत्येकाच्या वाट्याला काही ओळीच. १९४८ च्या एका सिनेमाचं नाव प्रश्नार्थक होतं, ‘इझन्ट इट रोमँटिक?’, म्हणजे ‘रोमँटिक आहे की नाही?’ मॉल्टिनने खाली एकच शब्द लिहिला: ‘नाही.’ दुसऱ्या कुठल्याही सिनेमाखाली तो शब्द निरर्थक आहे. आमच्या संपादकांनी तो लगेच खिळ्याला टोचला असता.

आपल्याकडे या बाबतीत पहिलं नाव घ्यावं लागतं बाबुराव पटेलांचं. पालघरजवळच्या मासवणचा हा माणूस. त्यांनी १९३५ साली मुंबईत ‘फिल्मइंडिया’ हे इंग्रजी मासिक सुरू केलं. त्यांची परीक्षणं लांबलचक असत, पण लोक आधी उघडत ते वाचकांच्या प्रश्नोत्तरांचं पान. वाचकाचा प्रश्न दोन ओळींचा, पटेलांचं उत्तर एका ओळीचं, आणि त्यात एखादा नट, नटी किंवा निर्माता आडवा झालेला. निर्माते त्यांना घाबरत आणि मासिक विकतही घेत. सआदत हसन मंटो त्यांना जवळून ओळखत होता. त्याने ‘गंजे फरिश्ते’मध्ये त्यांचं व्यक्तिचित्र लिहिलं आहे. त्यात हा तलवारबहाद्दर आतून हळवा असल्याचं दिसतं. पटेलांनी स्वतः ‘द्रौपदी’ (१९४४) आणि ‘ग्वालन’ (१९४६) हे सिनेमे काढले, तेव्हा मात्र सिनेमा करणं आणि सिनेमावर ओळ टाकणं यातलं अंतर त्यांनाही कळलं असावं. दोन्ही सिनेमे चालले नाहीत.

पटेलांची ओळ पुष्कळदा सिनेमा सोडून माणसावर जायची. नटीचं वय, कुणाची जाडी, कुणाचं खासगी आयुष्य. हसू यायचं, पण सिनेमाबद्दल काही कळायचं नाही. फाळणीनंतर त्याच लेखणीचा रोख पाकिस्तानकडे आणि मुसलमानांकडे वळला. ‘फिल्मइंडिया’चं पुढे ‘मदर इंडिया’ झालं आणि १९६७ साली पटेल जनसंघाच्या तिकिटावर मध्य प्रदेशातल्या शाजापूरमधून लोकसभेत गेले. मला यात फार आश्चर्य वाटत नाही. नेमकं बोलण्याची सवय आणि टोमणा मारण्याची सवय दिसायला सारख्याच असतात. नेमकं बोलायला आधी समोरची गोष्ट नीट बघावी लागते. टोमण्याला ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून असलेला आकस पुरतो. म्हणून टोमणाही छोटाच असतो आणि तोही लगेच स्वीकारला जातो.

आता पुन्हा न्यूयॉर्कला जाऊ. ‘ॲबीज आयरिश रोज’ १९२७ च्या ऑक्टोबरात थांबलं. तोवर २,३२७ खेळ झाले होते. ब्रॉडवेचा तो त्या वेळचा विक्रम. या खुर्च्या कोण भरत होतं? ते शहर स्थलांतरितांचं होतं. नाटक चालू असतानाच, १९२४ साली, अमेरिकेने कायदा करून दक्षिण आणि पूर्व युरोपातून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घातल्या. त्यात ज्यू होते, कॅथलिक होते. कु क्लक्स क्लॅन तेव्हा भर जोरात होती आणि काळ्यांच्या जोडीने ज्यू आणि कॅथलिक यांचाही उघड द्वेष करत होती. अशा दिवसांत रंगमंचावर एक ज्यू बाप आणि एक आयरिश बाप भांडभांड भांडून एका पाळण्यावर वाकतात, हे बघायला लोक तिकीट काढत होते. नाटक थोर होतं असं नाही. त्यातली माणसं ठोकळेबाज होती. १९२८ मध्ये त्याचा सिनेमा आला, १९४६ मध्ये पुन्हा आला, तेव्हा त्यातल्या ज्यू आणि आयरिश व्यंगचित्रांवर टीका झाली, आणि ती रास्तच होती. मधल्या काळात युरोपात जे घडलं होतं, त्यानंतर ज्यूंच्या लकबींवर पूर्वीसारखं हसणं सोपं राहिलं नव्हतं.

पण बेंचलीची एक ओळ मला खटकते. लोक याला रोज रात्री हसतात, लोकशाही का यशस्वी होऊ शकत नाही ते यावरून कळतं, अशा अर्थाची. ओळ चलाख आहे. फक्त ती नाटकावर नाही, तिकीट काढणाऱ्यांवर आहे. बेंचली मनाने वाईट नव्हता. सहकाऱ्यासाठी नोकरी सोडणारा माणूस तो. पाच वर्षं त्याच जागेत विनोद करायचा म्हटल्यावर एखादा वार असा निसटतो.

निकोल्सबाईंनी एका फिल्म कंपनीवर गोष्ट चोरल्याचा दावा लावला होता. १९३० साली न्यायालयाने निकाल दिला, की दोन धर्मांची मुलं, भांडणारे बाप आणि शेवटी समेट, हे कथासूत्र कुणाच्या मालकीचं असू शकत नाही. ते खरंच आहे. ती गोष्ट फिरत फिरत आमच्या गावच्या टॉकीजलाही आली होती.

सिनेमाचं नाव सांगत नाही. मुलगा मुसलमान, मुलगी हिंदू, बाकी तेच. मी लिहिलं: ‘शेवटी दोन्ही बाप रडतात. प्रेक्षक मध्यंतरापासूनच.’ संपादकांनी वाचताक्षणी खिळ्याला टोचला. शनिवारी चहाच्या टपरीवर लोक ती ओळ एकमेकांना म्हणून दाखवत होते. मी उगाच दोनदा टपरीवरून गेलो.

आमच्या मोहल्ल्यात एक खाला राहायच्या. त्यांचं माहेर त्याच गावात, चार गल्ल्या पलीकडे. तरुणपणी शिंपीकाम करणाऱ्या चाचांशी लग्न करून त्या आमच्या गल्लीत आल्या. त्यानंतर त्या चार गल्ल्या त्यांनी ओलांडल्या नाहीत आणि तिकडून कुणी आलंही नाही. मोहल्ल्यातल्या सगळ्या बाया मला ‘बेटा’ म्हणायच्या, त्या ‘बाळा’ म्हणायच्या. रविवारी त्यांनी मला दारात थांबवलं.

“बाळा, ते पेपरात तूच लिहिलंस ना?”

मी मोठ्या तोऱ्यात हो म्हणालो.

“छान लिहिलंयस. मी तीनदा बघितला तो सिनेमा.” मग ओढणी सारखी करत म्हणाल्या, “माझे बाबा कधी रडत आले नाहीत रे. त्या पडद्यावर तरी आले.”

त्या रागावल्या नव्हत्या. मला चहा दिला. मी तो कसा प्यायलो ते आठवत नाही.

माझी ओळ चुकीची होती का? सिनेमा रडका होता, हे आजही म्हणेन. ओळ त्याच सिनेमाची होती, दुसऱ्याखाली चालली नसती. संपादकांच्या परीक्षेत ती पास होती. पण ‘प्रेक्षक मध्यंतरापासूनच’ हे लिहिताना मी प्रेक्षकांकडे वळून बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर बायकांच्या रांगेत खाला दिसल्या असत्या. त्या का रडताहेत ते कळलं असतं आणि ओळ कदाचित वेगळी झाली असती. छोटीच झाली असती, पण वेगळी.

ते साप्ताहिक केव्हाच बंद पडलं, दोन्ही टॉकीजही गेल्या. आता सगळेच सिनेमा संपायच्या आत मोबाइलवर एक ओळ टाकतात, आणि स्वीकारायला किंवा परत करायला कुणी संपादक नसतो. खिळाही ज्याचा त्याचा. अजूनही एखादी ओळ सुचली की माझ्या हाताला खाज सुटते. लिहितो. मग मनातल्या मनात त्या दारासमोरून एकदा जाऊन येतो. कधी ओळ टिकते, कधी कागद माझा मीच परत घेतो.