फुप्फुसातील बुरशीचा किरणोत्सारी माग

अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस ही बुरशी कुजलेला पाला, कंपोस्ट आणि ओलसर गवत यांत सर्वत्र आढळते. तिचे बीजाणू प्रत्येक जण रोज श्वासावाटे आत घेतो. निरोगी शरीर ते सहज नष्ट करते. रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांनी श्वेतपेशी घटलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात मात्र ते रुजतात आणि बुरशीचे तंतू रक्तवाहिन्यांत शिरतात. निदान लांबल्यास रुग्ण वाचणे कठीण होते.

अडचण निदानाचीच आहे. सीटी स्कॅनवर डाग दिसतो, पण तो बुरशीचा, जिवाणूंचा की गाठीचा, हे त्यावरून ठरत नाही. पेट स्कॅनमधील नेहमीची किरणोत्सारी साखर दाह झालेल्या कोणत्याही ऊतीत साचते. फुप्फुसाचा तुकडा काढून तपासावा, तर प्लेटलेट कमी असलेल्या रुग्णात रक्तस्रावाची भीती.

यावरचा मार्ग बुरशीच्या भुकेतून सापडला. तिला वाढीसाठी लोह लागते आणि शरीर ते प्रथिनांत बांधून ठेवते. म्हणून बुरशी सिडेरोफोर नावाचे रेणू सोडते. ते लोह पकडतात आणि बुरशी त्यांना लोहासह परत आत ओढते. सस्तन प्राण्यांच्या पेशींत अशी वाहतूक यंत्रणा नाही. गॅलियमचा आयन आकाराने आणि प्रभाराने लोहासारखा असल्याने बुरशी त्यालाही फसते. ऑस्ट्रियातील इन्सब्रुकच्या ह्युबर्टस हास आणि क्लेमेन्स डेक्रिस्टोफोरो यांच्या गटाने 2010 मध्ये बुरशीच्याच सिडेरोफोरमध्ये गॅलियम-68 बसवून ते उंदरांना टोचले. श्वेतपेशी कमी केलेल्या, संसर्गित उंदरांची फुप्फुसे पेट स्कॅनवर उजळली, निरोगी उंदरांची नाही. उरलेला ट्रेसर मूत्रावाटे लवकर बाहेर पडतो. गॅलियम-68 चे अर्धायुष्य 68 मिनिटांचे. तो जर्मेनियम-68 च्या जनित्रातून मिळत असल्याने रुग्णालयाला स्वतःचा सायक्लोट्रॉन लागत नाही, ही व्यवहारातली मोठी सोय.

याच काळात आयर्लंडमधील मेनूथचे शॉन डॉयल आणि हास यांच्या गटांनी मिळून, ग्लायोटॉक्सिन या स्वतःच्याच विषापासून बुरशी कशी बचावते, हे दाखवणारा शोधनिबंध 2010 मध्ये प्रसिद्ध केला. बुरशीचे असे रसायनशास्त्र उलगडल्याशिवाय तिला ओळखणारा ट्रेसर घडवता येत नाही.

दुसरा मार्ग प्रतिपिंडाचा. एक्सेटरच्या ख्रिस्तोफर थॉर्नटन यांचे जेएफ5 हे प्रतिपिंड वाढत्या बुरशीने स्रवलेल्या पदार्थालाच चिकटते. जर्मनीतील ट्युबिंगेनच्या शास्त्रज्ञांसह 2016 मध्ये तांबे-64 जोडून उंदरांवर त्याची चाचणी प्रसिद्ध झाली. प्रतिपिंड रक्तातून सावकाश निघते, म्हणून तासाभरात मावळणारे गॅलियम इथे चालत नाही. तांबे-64 चे अर्धायुष्य सुमारे 12.7 तासांचे आहे. स्पष्टतेसाठी वेळ मोजावा लागतो, आणि अत्यवस्थ रुग्णाकडे नेमका तोच नसतो.

प्राण्यांवरील प्रयोगांतही या चित्रणाचा लाभ आहे: एकाच उंदराचे पुन्हा पुन्हा स्कॅन घेता येतात, प्रत्येक टप्प्यावर नवा उंदीर मारावा लागत नाही. आयर्लंडमध्ये अशा प्रयोगांना एचपीआरए या नियामक संस्थेची परवानगी लागते.

औषध लागू पडते आहे का, हे वेळीच कळण्याची गरज डब्लिनमधील एका अभ्यासाने अधोरेखित केली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नेदरलँड्सहून आलेल्या फुलझाडांच्या कंदांवर अ‍ॅझोल औषधांना न जुमानणारी हीच बुरशी आढळली होती. उंदरांतील संसर्ग मुद्दाम, मोठ्या मात्रेने घडवलेला असतो. माणसाच्या फुप्फुसातील पहिला, तांदळाएवढा डाग हे ट्रेसर टिपतील का, हा खरा कस आहे.